गोलांचे गणित आणि पैजेचा भाव

इंग्लंडात फुटबॉलच्या सामन्यावर केवळ जयपराजयाचीच पैज लागते असे नाही. सामना 1-1 असा सुटेल की 2-0, यावरही पैसे लावले जातात. अशा प्रत्येक निकालाचा भाव पैजा घेणारी पेढी आधीच जाहीर करते. तो निव्वळ अंदाजाने नव्हे, गणिताने ठरतो.

त्याचे मूळ पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाने 1837 साली मांडलेल्या सूत्रात आहे. विरळ घडणारी घटना किती वेळा घडण्याचा संभव आहे, हे या सूत्राने केवळ तिच्या सरासरीवरून काढता येते. यजमान संघाची सरासरी दीड गोल व पाहुण्यांची एक गोल धरली, तर यजमानांनी नेमका एक गोल करण्याचा संभव शेकडा 33 आणि पाहुण्यांचा शेकडा 37 येतो. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे 1-1 हा निकाल शेकडा 12 ठरतो. मात्र दोन संघांचे गोल सर्वस्वी परस्परनिरपेक्ष नसतात. म्हणून डिक्सन व कोल्स यांनी 1997 साली अल्प गोलांच्या निकालांपुरती या हिशेबात दुरुस्ती केली.

शेकडा 12 संभव म्हणजे एका पौंडास सुमारे आठ पौंड परत मिळणे न्याय्य. पेढी मात्र सात किंवा त्याहूनही कमी देऊ करते. प्रत्येक निकालास अशीच कात्री लागत असल्याने भावांतून निघणाऱ्या संभवांची बेरीज शंभराच्या वर जाते. तो वरचा अंश हीच पेढीची कमाई. एखाद्या शनिवारी पैज लावणारा जिंकतोही; परंतु वर्षानुवर्षे खेळणाऱ्याचा खिसा ही कात्री हळूहळू रिता करीत असते.