मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

रात्री नळाची टपटप सुरू झाली की झोप उडते आणि सकाळी पहिला फोन प्लंबरला जातो. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाकाठी साधारण चार लिटर पाणी जातं. नळ दुरुस्त करायलाच हवा. पण घरातली मोठी नासाडी अशी टपटपून सांगत नाही.

भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनाचा निकष आहे. त्याची रूढ वाटणी अशी: अंघोळ ५५, फ्लश ३०, कपडे २०, फरशी आणि भांडी प्रत्येकी १०, स्वयंपाक ५, पिण्यासाठी ५. म्हणजे ८५ लिटर बाथरूम-संडासातच संपतात. टंचाईच्या उन्हाळ्यात आपण पाहुण्याला अर्धा पेला पाणी देतो. काटकसर होते ती नेमकी सर्वांत लहान खात्यात.

फ्लशचंच घ्या. जुनी टाकी एका दाबाला दहा लिटरच्या आसपास पाणी सोडते. चौघांच्या घरात प्रत्येकाने पाचदा फ्लश केला की दोनशे लिटर झाले. तीन आणि सहा लिटरची दोन बटणं असलेल्या टाकीत, चार वेळा छोटं आणि एकदा मोठं बटण दाबलं, तर तेच काम ७२ लिटरमध्ये होतं. शिवाय टाकीतला रबरी वॉशर झिजला की पाणी भांड्यात गुपचूप झिरपत राहतं. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला, तर गळती आहे.

दुसरं खातं आरओचं. घरगुती यंत्र बहुधा एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकतं. घरात रोज दहा लिटर पाणी प्यायलं जात असेल, तर तीस लिटर गटारात. विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल, तर केवळ क्षारांसाठी आरओची गरज नसते. मुंबईला भातसा-वैतरणाचं पाणी येतं, ते तर मुळातच मृदू आहे. बोअरवेलच्या जड पाण्याची गोष्ट वेगळी. तिथे आरओ लागला, तरी त्याची नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला आणि संडासात ओतायला ते पाणी चालतं.

तिसरी नासाडी सवयीची. सकाळी नळ आला की कालचं पाणी ‘शिळं’ म्हणून ओतून द्यायचं! स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातलं क्लोरिनयुक्त पाणी एका रात्रीत खराब होत नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात. पिंप त्या दिवशी घासावं, रोज उपडं करू नये.

बहुतेक सोसायट्यांत पाण्याचा खर्च सगळ्या घरांत सारखा वाटला जातो. त्यामुळे उधळणाऱ्याला झळ बसत नाही आणि जपणाऱ्याला फायदा दिसत नाही. घराघराला मीटर बसेपर्यंत एक तपासणी मात्र फुकट होते. रात्री पंप आणि टाकीत येणारं पाणी बंद झालं की गच्चीवरच्या टाकीतल्या पातळीची खूण करा आणि पहाटे कुणी उठण्याआधी पुन्हा पाहा. पातळी बरीच उतरली असेल, तर पाणी कुठून जातंय हे शोधणं हा पुढच्या सभेतला पहिला विषय असायला हवा.