एका फॉन्टची देखभाल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून भोपाळला आली, तेव्हा सचिवालयाची दप्तरे, ती सांभाळणारे कारकून आणि शिरस्तेदार, त्यांची कुटुंबे आणि त्या कुटुंबांची मराठी, असा सगळा प्रपंच नर्मदा ओलांडून या तलावांच्या शहरी येऊन स्थिरावला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्याने त्यात आणखी भर घातली. या कुटुंबांतील माणूस घरात मराठी वाचतो आणि दाराबाहेर पडताच हिंदी वाचतो. लिपी दोन्हींची एकच असल्यामुळे त्याला काही अडत नाही असे वरवर पाहणाऱ्यास वाटावे, परंतु त्याच्या डोळ्यांना एक सूक्ष्म पीडा नित्य होत असते: मराठीचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा आणि ‘श’ देठाचा, तर हिंदीचा ‘ल’ उभ्या दंडाचा आणि ‘श’ गाठीचा. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या आपल्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांनाच प्रमाण ठरविले. तरी फोनच्या आणि संगणकाच्या पडद्यावर मराठी मजकूर बहुधा हिंदी वळणानेच उमटतो, आणि भोपाळात तर शेजारी-पाजारी सगळीकडे तेच वळण असल्यामुळे मुलांना दुसरे काही असते याचा विसरच पडत चालला आहे.

ज्यांना हा विसर मान्य नव्हता अशा काही तरुण अभियंत्यांनी येथे एक मुक्तस्रोत देवनागरी फॉन्ट हाती घेतला. माझ्याकडे त्यातले मुद्रितशोधनाचे आणि आलेल्या अर्जांना उत्तरे लिहिण्याचे काम आहे. ‘हाती घेतला’ असे मुद्दाम म्हणतो, कारण मूळ आराखडा दुसऱ्यांनी सिद्ध करून ओपन फॉन्ट लायसन्सखाली जगास खुला केलेला होता. त्या परवान्याची प्रचलित आवृत्ती २००७ ची असून तीत अशी तजवीज आहे की, फॉन्ट कोणीही घ्यावा, त्यात फेरफार करावा, तो वाटावा, मात्र मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर फेरफार केलेल्या प्रतीस ते नाव लावू नये. ही अट मला फार न्याय्य वाटते. दुसऱ्याच्या श्रमांवर उभे राहण्याची मुभा तीत पूर्ण आहे आणि त्याच्या नावाची अब्रूही तीत सुरक्षित आहे. देवनागरीच्या बाबतीत हे औदार्य नवे नव्हे: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या आराखड्यांतून निघालेले ‘लोहित’ कुटुंब रेड हॅटने २००४ मध्ये खुले केले आणि २०११ मध्ये ते याच परवान्याखाली आणले, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या संस्थेने ‘मुक्ता’ सारखी सुडौल अक्षरे अशीच सर्वांच्या स्वाधीन केली.

भोपाळलाही या कामाची परंपरा आहे. विद्युत मंडळात अभियंता म्हणून नोकरी केलेले आणि पुढे याच शहरी राहून लिहिणारे रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना हिंदी वाचक रवि रतलामी या नावाने ओळखतात, त्यांनी इंडलिनक्स या स्वयंसेवी प्रकल्पातून लिनक्सच्या पडद्यावरील शब्द हिंदीत आणण्याचे काम वर्षानुवर्षे केले आणि केडीई हे संपूर्ण वातावरण छत्तीसगढीत उतरविले. ज्या भाषेस त्या काळी संगणकावर कोणी विचारीत नव्हते तिच्यासाठी हजारो शब्दखंड एकेक करून लिहीत बसणे, आणि मूळ प्रणालीत बदल झाला की तेच पुन्हा तपासणे, यात जी निष्ठा लागते ती बाहेरून दिसत नाही.

मुक्तस्रोत म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर नवनिर्मितीचा उत्साह उभा राहतो. पण कामाचा मोठा भाग देखभालीचा असतो, आणि देखभालीचा मोठा भाग वाचनाचा. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून कोणी एक तक्रार नोंदवितो, तिला ‘इश्यू’ म्हणतात. कोणी दुरुस्तीचा मसुदाच पाठवितो, ती ‘पुल रिक्वेस्ट’. आणि ज्याला मंजुरीचा अधिकार आहे तो ‘मेंटेनर’. त्याने प्रत्येक अर्ज वाचायचा, तक्रार खरी आहे की नाही ते स्वतःच्या यंत्रावर पडताळून पाहायचे, नसल्यास तसे सौजन्याने कळवायचे, असल्यास तिचे मूळ शोधायचे, आणि दुरुस्ती आली तर तिच्यामुळे दुसरे काही बिघडत नाही ना याची खात्री करून मगच ती दप्तरी दाखल करायची.

एक प्रकरण येथे तपशिलाने सांगतो, कारण त्यावाचून या कामाचा पोत कळणार नाही. एका शिक्षकांनी लिहिले की, तुमच्या फॉन्टमध्ये ‘लाल’ हा शब्द उत्तम उमटतो, पण ‘कल्पना’ लिहिले की ‘ल’ अर्धा न होता पाय मोडून उभा राहतो आणि ‘प’ त्याच्या शेजारी वेगळा पडतो. हिंदीत मात्र तोच शब्द बिनतक्रार जुळतो. वरकरणी हे गूढ होते. फॉन्टच्या पोटात केवळ आकृत्या नसतात, आकृत्यांची अदलाबदल करणाऱ्या नियमांच्या याद्याही असतात, आणि त्या ठरलेल्या क्रमानेच अमलात येतात. मजकुरावर मराठी भाषेची खूण असेल तर दंडाच्या ‘ल’ऐवजी पाकळ्यांचा ‘ल’ आणून बसविणारी यादी अगदी आरंभी चालते. अर्धी अक्षरे घडविणारी यादी तिच्या पुष्कळ मागून. आता मागल्या यादीला फक्त दंडाचाच ‘ल’ ठाऊक असेल, तर आधीच्या यादीने आणून उभा केलेला पाकळ्यांचा ‘ल’ तिला परकाच, आणि परक्याला अर्धे करण्याचा हुकूम तिच्याजवळ नाही. म्हणून हिंदीत जुळते, मराठीत तुटते. उपाय म्हणून एक ओळ पुरेशी होती. परंतु त्या ओळीने ज्याच्याकडे बोट दाखवायचे तो पाकळ्यांचा अर्धा ‘ल’ कोणी काढलेलाच नव्हता, आणि येथे अभियंत्यांचे सामर्थ्य संपले.

याच सुमारास पांढुर्ण्याहून भोपाळला डिझाइन शिकण्यासाठी आलेली एक विद्यार्थिनी आमच्या रविवारच्या बैठकीस येऊ लागली होती. पांढुर्णे मध्य प्रदेशात असले तरी तेथील घराघरांत मराठी बोलली जाते, आणि तिच्या आजोबांच्या हस्ताक्षरातला ‘ल’ तिच्या नजरेत पक्का बसलेला होता. तिने अर्ध्या ‘ल’च्या तीन आकृत्या पेन्सिलीने कागदावर काढून आणल्या. पहिलीत उजवी पाकळी पार गाळलेली, दुसरीत ती अर्ध्यावर थांबवून पुढच्या अक्षराच्या अंगाला भिडविलेली, तिसरीत दोन्ही पाकळ्या बारीक करून दाटीने बसविलेल्या. आमच्यातील काहींचे मत असे की, हिंदीचा अर्धा ‘ल’ आहेच, तोच चालवावा. वाचकाला भेद कळणार नाही. तिने शांतपणे दोन्ही शब्द एका ओळीत लिहून दाखविले आणि म्हणाली, “काका, इथे ‘लाल’मधला ‘ल’ आणि ‘कल्पना’मधला ‘ल’ एकाच घरातले वाटतात का, ते तुम्हीच बघा.” वाटत नव्हते. दुसरी आकृती मान्य झाली.

मान्य झालेली आकृती दप्तरी कशी न्यायची, हा मात्र खरा कूटप्रश्न निघाला, आणि माझ्या मते डिझायनर मंडळी या प्रकल्पांच्या उंबरठ्यावरून परत का फिरतात याचे उत्तर त्यातच आहे. मुक्तस्रोताचा सारा व्यवहार गिटवर चालतो. गिट २००५ मध्ये लिनक्सच्या कर्त्यांनी, म्हणजे लिनस टोरवाल्ड्स यांनी, लिनक्सच्याच कामासाठी घडविले, आणि ते जुन्या-नव्या प्रतींतील फरक ओळीओळीने दाखविते. कोड तपासणाऱ्यास याहून उत्तम साधन नाही. पण आमच्या फॉन्टमधील प्रत्येक अक्षर एका स्वतंत्र फाइलीत बिंदूंच्या आडव्या-उभ्या अंकांनी नोंदलेले असते, त्यामुळे पाकळीचा फुगवटा किंचित कमी करण्याचा जो निर्णय तिने संध्याकाळभर डोळे बारीक करून घेतला, त्याचे दप्तरातील रूप एवढेच उरते की अमुक बिंदूचा आडवा अंक ३१२ होता तो ३०६ झाला. मंजुरी देणाऱ्याने यावरून काय ठरवायचे? तिनेच आमच्या मुख्य मेंटेनरला विचारले, “दादा, हे आकडे बघून तुम्हाला तरी अक्षर दिसतं का?”

त्याने त्या प्रश्नाचे उत्तर वादाने दिले नाही, कामाने दिले. आणि मला त्याचा जो अभिमान वाटतो तो यासाठीच. त्याने अशी व्यवस्था बसविली की अक्षराच्या आकृतीत बदल सुचविणारा कोणताही अर्ज आला की यंत्राने आपोआप एक नमुनापत्र तयार करावे: डावीकडे जुने रूप, उजवीकडे नवे, मधोमध एकावर एक ठेवलेली दोन्ही, आणि खाली तेच अक्षर मोठ्या, मध्यम आणि फोनच्या बारीक आकारात खऱ्याखुऱ्या शब्दांत. शब्द निवडण्याचे काम माझ्याकडे आले. ‘कल्पना’, ‘उल्लेख’, ‘शाल्मली’, ‘विश्वास’, ‘निश्चल’ हे ‘ल’ आणि ‘श’साठी, आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ ही जोडी, कारण मराठीत रफार वेगळा आणि अर्धा ‘ऱ’ वेगळा, आणि हा भेद न सांभाळणारा फॉन्ट आचार्यांना स्वयंपाकघरात पाठवितो. त्या नमुनापत्राने चर्चेचे स्वरूपच पालटले. पूर्वी डिझायनर बोले आणि अभियंता ऐकून घेई. आता दोघांसमोर एकच दस्तऐवज असतो आणि हरकत घेणाऱ्यास ती अक्षरावर बोट ठेवून घ्यावी लागते.

अर्ज करण्याच्या मार्गदर्शिकेतही आम्ही एक फेरफार केला. नवागताने प्रथम अमुक साधने बसवावीत, अमुक आज्ञा द्याव्यात, असा जो मजकूर आरंभी होता तो मागे नेला, आणि पहिल्याच परिच्छेदात लिहिले की, आकृतीविषयीची सूचना कागदावर काढून तिचे छायाचित्र पाठविले तरी ती पूर्ण अर्ज समजली जाईल, तीस उत्तर मिळेल, आणि ती स्वीकारली गेल्यास आकृती काढणाऱ्याचे नाव कर्त्यांच्या यादीत कोड लिहिणाऱ्यांच्या बरोबरीने लागेल. नावाचा मुद्दा क्षुल्लक मानू नये. लिनक्सचे जगभर ओळखले जाणारे पेंग्विनचे चित्र लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये काढले, आणि ज्या मंगल फॉन्टमध्ये लक्षावधी लोकांनी संगणकावर पहिल्याने देवनागरी पाहिली तो सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. तरी संगणकावरची अक्षरे यंत्रातून आपोआप निघतात अशीच अजून पुष्कळांची समजूत आहे. भोपाळात २०१९ पासून राष्ट्रीय डिझाइन संस्था आहे, तंत्रशिक्षणाची महाविद्यालये तर कितीतरी आहेत, आणि दोहोंकडच्या मुलांची गाठ पडण्यास अशा कामाइतके चांगले निमित्त मला दुसरे दिसत नाही.

स्वागत म्हणजे येईल ते घेणे नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. २०२० च्या ऑक्टोबरात, दरवर्षी भरणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात, ठराविक संख्येने अर्ज करणाऱ्यास सदरा मिळे म्हणून असंख्य प्रकल्पांवर निरर्थक अर्जांचा असा वर्षाव झाला की संयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांची संमती असेल तेथील अर्जच ग्राह्य धरावे लागले. याहून गंभीर प्रकरण मार्च २०२४ मधले. एक्सझेड ही संकोचनाची छोटी उपयुक्त प्रणाली एकच मेंटेनर अनेक वर्षे विनावेतन सांभाळीत होता. तो थकलेला असताना एका इसमाने दीर्घकाळ मदत करून त्याचा विश्वास संपादिला, इतर काही नावांनी कामाच्या दिरंगाईबद्दल त्याच्यावर दडपण आणले, आणि अधिकार हाती आल्यावर पुढे त्या इसमाने प्रणालीत चोरवाट ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ प्रवेशाला अर्ध्या सेकंदाचा उशीर का लागतो असा प्रश्न पडला, म्हणून ती उघडकीस आली. यावरून नवागतांवर अविश्वास ठेवावा असा अर्थ कोणी काढतात. मला तो पटत नाही. तो मेंटेनर एकटा होता, हे त्या प्रकरणाचे मर्म आहे. त्याच्या शेजारी अर्ज वाचणारी आणखी दोन माणसे असती तर दडपणाची ती पत्रे एकट्याच्या अंगावर येती ना.

म्हणून उत्तर देण्याचा आमचा शिरस्ता ठरलेला आहे. प्रथम येणाऱ्याच्या अर्जात बहुधा एक चांगली दुरुस्ती आणि तिच्याभोवती नको असलेले पुष्कळ बदल असतात, कारण त्याच्या संपादकाने सबंध फाइलीची मांडणीच परस्पर बदललेली असते. त्यास ‘नियम वाचा’ असे लिहून अर्ज निकाली काढणे एका मिनिटाचे काम आहे. आम्ही त्याची चांगली ओळ वेचून दाखवितो, ती का चांगली आहे हे सांगतो, बाकीचे बदल वेगळे कसे करावेत ते पायरीपायरीने लिहितो, आणि नकार द्यायचा असेल तर त्याचे कारण असे लिहितो की ते वाचून पुढच्या माणसासही उपयोग व्हावा. कारणांसह दिलेले नकार आता इतके साठले आहेत की नवे लोक अर्ज करण्यापूर्वी तेच वाचतात. उत्तरास वेळ लागणार असेल तर निदान ‘अर्ज पोचला, पुढच्या रविवारी पाहू’ एवढे तरी त्याच दिवशी जाते. माणसे नकाराने दुखावतात त्यापेक्षा मौनाने अधिक दुखावतात, असा माझा अनुभव आहे.

‘कल्पना’ची दुरुस्ती नव्या आवृत्तीत गेली आणि तक्रार करणाऱ्या शिक्षकांना तसे कळविण्यात आले, त्यांनी उलट टपाली ‘ऱ्ह’ची तक्रार पाठविली आहे. ‘वऱ्हाड’ आणि ‘गुऱ्हाळ’ या शब्दांत अर्धा ‘ऱ’ ‘ह’च्या फार अंगावर जातो आणि बारीक आकारात दोहोंचा एकच ठिपका होतो, हे त्यांचे म्हणणे नमुनापत्रावर पडताळून पाहता खरे निघाले. सागरहून एका मुलाने त्यावर आपला पहिलाच अर्ज केला असून त्यात अक्षरांतील अंतर वाढविण्याची सूचना आहे; पांढुर्ण्याच्या त्या विद्यार्थिनीकडे, जिला आता आकृत्यांच्या अर्जांना मंजुरी देण्याचा अधिकार आहे, तो वाचण्यासाठी गेला आहे. अंतर वाढविल्याने ‘तऱ्हा’ विसविशीत दिसेल, ‘ऱ’चा आकडाच थोडा आखडून पाहावा, असे तिने त्याला लिहिले आहे आणि सोबत दोन्ही रूपांचे नमुने जोडले आहेत.