मालवणला मुक्काम कुठे करावा?



सुट्टीत सिंधुदुर्ग किल्ला बघायला मालवणला जायचं ठरलं, की पहिला प्रश्न मुक्कामाचा. परभणीहून कोकण लांब, त्यामुळे आपण फोनवर फोटो बघतो आणि 'दार उघडलं की समुद्र' अशी जागा पक्की करतो. पण लेकरं सोबत असतील तर याच जागेचा दोनदा विचार करा.

जागा तीन प्रकारच्या

१) मालवण गावात, बाजारपेठ आणि बंदराजवळ. किल्ल्याच्या होड्या बंदरातूनच सुटतात. एस.टी. स्थानक, औषधाचं दुकान, ग्रामीण रुग्णालय गावातच.

२) चिवला किनारा. गावाला लागून, पण समुद्र समोरच.

३) तारकर्ली आणि देवबाग. तारकर्ली गावापासून सहा-सात किलोमीटर. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी जमीन. फार सुंदर, पण रात्री काही लागलं तर गावात यावं लागतं.

सहलीसाठी गावातलीच जागा का?

दार किनाऱ्यावर उघडत असेल, तर मोठी माणसं उठायच्या आत पोरं पाण्यात असतात. गंगाखेडला गोदावरीत पोहणाऱ्या मुलालाही भरती-ओहोटीची सवय नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजची मुलं होती, आपली तर त्याहून लहान.

दुसरं कारण वाऱ्याचं. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि समुद्राकडून वारा सुटतो, लाटा वाढतात. म्हणून होडीने सकाळीच जावं. बंदराजवळ राहिलं की हे सहज जमतं.

मुलांना हे गणित द्या

भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा. पहिल्या दिवशी सकाळी १० वाजता भरती असेल, तर तिसऱ्या दिवशी किती वाजता? (उत्तर : सुमारे ११ वाजून ४० मिनिटं.) अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते, हेही कॅलेंडरवर दाखवा.

खोली ठरवण्याआधी फोनवर विचारा

- बंदर चालत किती मिनिटांवर आहे?
- रात्री बाहेरचं दार बंद असतं का? किल्ली कोणाकडे?
- सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर मिळतील का?
- माळकरी मुलांसाठी शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का? ज्वारीची भाकरी तिकडे सहसा मिळत नाही, तांदळाची मिळते. मुलांना आधीच सांगून ठेवा.

तारकर्लीला दिवसा जाऊन या, मुक्काम गावात ठेवा. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा सहल हिवाळ्यात काढा. आणि शाळेची सहल असेल तर समुद्रकिनाऱ्याबाबतचे नियम शिक्षण विभागाकडे विचारून, लेखी परवानगी हातात आल्यावरच खोलीचे पैसे भरा.