वाघोबाचा करार आणि हस्तरची भूक

मुंबईत साकीनाक्याच्या चौकात, जेथे ट्रकांची रांग, डोक्यावरून जाणारी मेट्रो आणि प्रवाशांसाठी ओरडणारे रिक्षावाले यांच्या कोलाहलात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, तेथे उभे राहून अरण्यातील दैत्याची गोष्ट काढणे अप्रस्तुत वाटेल. परंतु साकीविहार रस्त्याने पवईच्या बाजूस जाऊन डावीकडे वळले, की थोड्याच अंतरावर आरेचे रान लागते आणि त्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल पसरलेले आहे, जेथे बिबळ्याची वहिवाट आजतागायत मोडलेली नाही.

मराठी भयकथेने हे रान फारसे कसले नाही. नारायण धारप (१९२५–२००८) यांचे सामर्थ्य घराच्या चार भिंतींत होते. नित्याच्या संसारात अमंगळ शक्तीचा शिरकाव कसा होतो, हे त्यांनी असे रंगविले, की त्यांच्या पाश्चात्त्य ऋणांची चौकशी करण्याचे भान वाचकाला उरत नसे. अरण्याशी त्यांचा संबंध आला तो आडवाटेने: १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने धारपांची एक कथा ऐकविली आणि त्या बीजातून २०१८ साली ‘तुंबाड’ हा चित्रपट उभा राहिला.

त्यातील हस्तर हा पूजेचा हक्क नाकारलेला, सदैव उपाशी असा देवपुत्र. नायक पिठाची बाहुली घेऊन दोराने खोल गर्भगृहात उतरतो, ती त्याच्यापुढे टाकतो आणि तो खाण्यात गुंतला असता त्याच्या कमरेची मोहर ओढून घेतो. नैवेद्य दाखवून केलेली ती शुद्ध चोरी आहे.

याच रानातल्या वारली आदिवासींचा व्याघ्रदेव वाघोबा नेमका याच्या उलट. दगडावर किंवा लाकडी फळीवर कोरलेला वाघ, बहुधा शेजारी चंद्रसूर्य, अंगावर शेंदूर. आपल्या वसुबारसेला तेथे वाघबारस असते, आणि कोंबडे वा बोकड अर्पण होते. वारल्यांत सांगतात, की स्त्रीच्या पोटी जन्मलेले एक मूल वाघ होऊन गावची गुरे खाऊ लागले, तेव्हा अखेर तडजोड अशी ठरली: त्याने रानात राहावे, लोकांनी त्याचे देणे द्यावे, त्याने लोकांना राखावे. दैत्याशी केलेला असा करारनामा भयकथाकाराला परवडणारा नाही. तो पहिल्याच प्रकरणात झाला, तर पुढे लिहायचे काय?

अर्थात करार म्हणजे हमी नव्हे. २००४ साली उद्यानाच्या परिसरात बिबळ्यांच्या हल्ल्यांनी कळस गाठला. बाहेर पकडलेले बिबळे येथे आणून सोडल्याने संघर्ष वाढला, असे अभ्यासकांनी दाखविले. ते सोडणे थांबले, हल्ले ओसरले. तरी २०२२ च्या दिवाळीत आरेत एका तान्ह्या मुलीचा बळी गेलाच. त्यानंतर पाड्यापाड्यांतून सांगितले गेले ते कोणत्याही भयकथेत न शोभणारे, रुक्ष, सरकारी आणि माझ्या मते अत्यंत शहाणपणाचे होते: कचरा साठू देऊ नका, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबळ्या, मुलांना अंधारात एकटे सोडू नका, रात्री घोळक्याने, मोठ्याने बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावून चाला.