सोलर पॅनेलवर ट्रॅक्टरची बॅटरी भरत नसल्यास

उसाचा गळीत हंगाम मार्च-एप्रिलच्या सुमारास संपला, की कोल्हापूर जिल्ह्यातील ऊसवाहतुकीचे पुष्कळसे ट्रॅक्टर दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभे राहतात. या काळात बॅटरी उतरू नये म्हणून अनेक शेतकरी शेडच्या छपरावर १० किंवा २० वॅटचे सोलर पॅनेल बसवून त्याची तार बॅटरीला जोडतात. योजना चांगली व कमी खर्चाची आहे. परंतु पॅनेल बसवले म्हणजे बॅटरी भरत असलीच पाहिजे, या समजुतीने कोणी तिकडे पाहत नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी सेल्फ फिरत नाही. नदीकाठच्या गावांत ही गोष्ट नुसत्या गैरसोयीची नाही. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. तेथे धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. पाणी चढू लागल्यावर जनावरे, वैरण व माणसे उंचावर नेण्यास ट्रॅक्टर-ट्रॉली हाच आधार असतो, आणि चिखलात उभा असलेला ट्रॅक्टर ढकलून सुरू करणे बहुधा शक्य होत नाही.

दोष शोधण्यापूर्वी पॅनेलकडून किती अपेक्षा ठेवावी, हे समजून घेणे अवश्य आहे. शिसे व आम्ल यांची बॅटरी १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लान्ते याने तयार केली. ट्रॅक्टरवरील आजची बॅटरी मूलतः त्याच जातीची आहे. ती नुसती ठेवली तरी हळूहळू उतरते, आणि जुनी असल्यास अधिक वेगाने उतरते. त्यात ट्रॅक्टरला ठावठिकाणा कळवणारे जीपीएस यंत्र बसवलेले असल्यास ते रात्रंदिवस थोडा प्रवाह घेत राहते. हा प्रवाह २० मिलिॲम्पिअर धरला, तरी दिवसाला जवळजवळ अर्धा ॲम्पिअर-तास खर्च होतो. उलटपक्षी, २० वॅटचे पॅनेल कडक उन्हात एक ॲम्पिअरच्या आसपास प्रवाह देते व चांगल्या दिवशी चार-पाच ॲम्पिअर-तास भरते. दाट ढगांत मात्र हे उत्पन्न दहाव्या हिश्श्यावर येऊ शकते. म्हणून पावसाळ्यात गगनबावडा, राधानगरी या भागांत १० वॅटचे पॅनेल जीपीएसचा खर्चही भागवू शकत नाही. तेथे २० वॅटचे पॅनेल घ्यावे, किंवा तज्ज्ञाकडून जीपीएसला वेगळा स्विच लावून घ्यावा.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल. असे पॅनेल भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी असते, मेलेली बॅटरी उठवण्यासाठी नव्हे. ८० ॲम्पिअर-तासांची पूर्ण उतरलेली बॅटरी २० वॅटच्या पॅनेलवर उन्हाळ्यातही अडीच-तीन आठवडे घेईल. आषाढात ती भरणारच नाही. अशी बॅटरी प्रथम चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी व मगच पॅनेलला जोडावी. उतरलेल्या स्थितीत पडून राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट घट्ट बसते आणि ते पुन्हा सुटत नाही. बॅटरी बिघडली असे जे म्हटले जाते, त्याचे मूळ पुष्कळदा यातच असते.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. गावात एक असला तरी काम भागते, आणि गावपातळीवरील कर्मचाऱ्यांनी तो वापरण्यास शिकून घेणे इष्ट आहे. पहिले मोजमाप मात्र भर उन्हात घेऊ नये. पॅनेल जोडलेले असताना मीटरवर १३ व्होल्टच्या वर आकडा दिसतो व बॅटरी भरली असे वाटते. हा वरवरचा भार असतो. सायंकाळी पॅनेल सोडवून ठेवावे व पहाटे मोजावे. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आल्यास बॅटरी भरलेली, १२.२ आल्यास निम्मी, आणि १२ च्या खाली आल्यास जवळजवळ रिकामी समजावी. आकडा १०.५ च्या आसपास अडून राहत असल्यास सहा घरांपैकी एक घर निकामी झाल्याचा संशय घ्यावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने हे घर लगेच सापडते. इतर घरांच्या मानाने त्यातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व बरेच कमी भरते. अशा बॅटरीला कोणतेही पॅनेल उपयोगी पडणार नाही.

बॅटरी ठीक असूनही भरत नसेल, तर दोष वाटेत आहे. दुपारी बारा-एकच्या सुमारास पॅनेलपासून बॅटरीपर्यंत क्रमाने मोजत जावे. पॅनेलच्या तारा कंट्रोलरमधून सोडवून मोजल्या असता ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकले जाणारे पॅनेल २० ते २२ व्होल्ट दाखवते. शून्य आल्यास तार तुटली आहे, किंवा उंदरांनी कुरतडली आहे. शेडमध्ये हे फारच आढळते. व्होल्ट पुरेसे असून प्रवाह क्षीण असेल, तर पॅनेलवर सावली अथवा घाण आहे काय ते पाहावे. नारळाच्या एका झावळीची सावलीही उत्पन्न पुष्कळ घटवते. गुऱ्हाळाजवळील शेडवर काजळीचा थर बसतो, तो पावसाने पूर्ण धुतला जात नाही. पॅनेल दक्षिणेकडे थोडे कलते ठेवावे. जून-जुलैत येथे सूर्य माध्यान्ही डोक्याच्याही किंचित उत्तरेस असतो, म्हणून १० ते १५ अंशांहून अधिक कल देण्यात लाभ नाही. पाणी वाहून जाण्यापुरता कल पुरे.

त्यानंतर कंट्रोलर पाहावा. हे छोटे यंत्र बॅटरीला गरजेपेक्षा अधिक व्होल्ट मिळू देत नाही व रात्री प्रवाह उलट पॅनेलकडे जाऊ देत नाही. त्यावर पॅनेल, बॅटरी व दिवा यांच्यासाठी तीन जोड्या असतात. ट्रॅक्टरची बॅटरी चुकून दिव्याच्या जोडीला जोडलेली असली, तर ती व्यवस्थित भरत नाही. जोडताना प्रथम बॅटरी व नंतर पॅनेल जोडावे. सोडवताना प्रथम पॅनेल सोडवावे. बॅटरी फारच उतरली असेल, तर कित्येक कंट्रोलर तिला ओळखतच नाहीत व भर उन्हातही स्वस्थ बसतात. तेव्हा कंट्रोलर बदलण्यात पैसे घालवू नयेत; बॅटरी चार्जरवर थोडी वर आणताच तो कामास लागतो.

कंट्रोलर पॅनेलजवळ छपराखाली बसवून तेथून लांब, बारीक तार बॅटरीपर्यंत आणणे, ही नेहमी घडणारी चूक होय. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार १० मीटर अंतरावर नेल्यास जाण्यायेण्याच्या २० मीटर तारेत एक ॲम्पिअर प्रवाहाला सुमारे एकतृतीयांश व्होल्ट खर्ची पडतो. कंट्रोलर १४ व्होल्ट समजून प्रवाह आवरतो, आणि बॅटरीला प्रत्यक्षात त्याहून कमी पोचतात. कंट्रोलर बॅटरीशेजारी, पण तिच्या वाफा लागणार नाहीत असा बसवावा आणि धन तारेत बॅटरीजवळ फ्यूज घालावा. पॅनेलकडील तार लांब असली तरी तितकेसे बिघडत नाही. तिकडे व्होल्ट शिल्लक असतात.

मळ्यातील घराच्या दिव्याची किंवा कुंपणाच्या झटका यंत्राची बॅटरी व ट्रॅक्टरची बॅटरी तारेने कायम एकत्र जोडून एकाच पॅनेलवर ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. आजरा, चंदगड भागांत हत्ती व गवे यांच्यापासून पीक राखण्यासाठी सौर कुंपणे आहेत, तेथे हा मोह अधिक होतो. परंतु रात्री दिवा दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या करतो. स्टार्टरच्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देणे हे तिचे काम, रात्रभर थोडा थोडा देणे नव्हे. ट्रॅक्टरला स्वतंत्र पॅनेल व कंट्रोलर द्यावा, नाहीतर दोन बॅटऱ्या वेगळ्या राखणारा कंट्रोलर घ्यावा.

पहाटे १२.६ व्होल्ट असूनही सेल्फ नुसता ‘टक्’ आवाज करीत असेल, तर पॅनेलचा दोष नाही. सेल्फ मारतेवेळी बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर व नंतर तिच्या पकडीवर मोजावे. दोन्हींत फरक पडल्यास मधल्या पांढऱ्या-हिरव्या साक्याने वाट अडवली आहे. पकडी सोडवून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवाव्या, कोरड्या कराव्या, घट्ट आवळाव्या व वरून व्हॅसलीन लावावे. सोड्याचे पाणी घरांत जाऊ देऊ नये. खुंटीवरच आकडा ९.६ च्या खाली कोसळत असल्यास बॅटरी थकली आहे.

काम करताना ऋण पकड प्रथम काढावी व शेवटी लावावी. भरत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी किंवा काडी पेटवू नये. घरांत केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे अथवा नळाचे पाणी घालू नये. ही सर्व तपासणी मे महिन्यातच उरकावी, कारण मृगाचा पाऊस लागल्यावर बॅटरी पॅनेलवर भरण्याइतके ऊन मिळत नाही.