राजीनाम्यावर सही करण्याआधी

बार्शीला किंवा ‘टाटा’ला नेलंय, एवढं कानावर आलं की नांदेड-लातूरकडे लोक पुढचं विचारत नाहीत. उपचार संपवून माणूस परत येतो, तेव्हा प्रश्न सुरू होतात: काम झेपेल का, किती रजा घेणार, राजीनामाच का देत नाही? अशा वेळी एक जण छातीठोकपणे सांगतो की कॅन्सर झालेल्याला कुणी कामावरून काढूच शकत नाही. दुसरा म्हणतो, आपल्यासाठी कायदाच नाही. दोघंही चुकतात.

ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात कॅन्सरचं निदान होताच संरक्षण सुरू होतं. आपल्याकडे एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, कॅन्सरसाठी तसा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही कॅन्सरचं नाव नाही. पण कॅन्सर जे मागे ठेवून जातो, ते त्या यादीत सापडतं. हाडाच्या कॅन्सरने पाय गेला तर ते अस्थिव्यंग. वाचा-भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत तर स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचा नावानिशी उल्लेख आहे. बिडी-तंबाखू घरोघर असलेल्या आपल्या भागात ही एक ओळ प्रत्येक रुग्णाला माहीत हवी.

कारण याच कायद्याचं कलम २० सांगतं: नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं. तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादा, पदावर ठेवायचं. ‘सरकारी’ म्हणजे फक्त कलेक्टर कचेरी नव्हे. जिल्हा परिषद, एसटी महामंडळ, शासनाचं अनुदान घेणारी संस्थाही त्यात येते. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा आवाज गेला आणि राजीनाम्याचा कागद पुढे आला, तर सही करू नये, दुसरं काम लेखी मागावं.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या खाली आलं की लोक ते ट्रंकेत टाकतात. ती अट आरक्षणासारख्या सवलतींना आहे, नोकरी टिकवणाऱ्या या कलमात ती लिहिलेली नाही. दाद पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे आणि त्यापुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे मागता येते.

खासगी कारखान्यात कवच पातळ आहे, आणि याची मला खरोखर चीड येते. तरी पगारातून ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जात असेल तर बिनपगारी घरी बसू नये. कॅन्सर तिथल्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. अटी पूर्ण होत असतील तर वेतनाच्या ८० टक्के लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो.

आरोग्य विमा घेताना आजार लपवावा, हा सल्ला घातक आहे. सांगितलेल्या जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं. लपवलेला आजार फसवणूक ठरू शकतो, आणि फसवणुकीला पाच वर्षं पॉलिसी चालली तरी माफी नाही.

सगळ्यात जास्त खोटं बाईला सांगितलं जातं. गर्भपिशवीचा कॅन्सर झाला, माहेरी सोडलं, आता सोडचिठ्ठी मिळेलच! हिंदू विवाह कायद्यात कॅन्सर हे घटस्फोटाचं कारण कधीच नव्हतं. कुष्ठरोग होता, तोही २०१९ मध्ये काढला. घर सासऱ्याच्या नावावर असलं, तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. त्यासाठीचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्याच्या मदतीने करता येतो.