मराठी-कन्नडसाठी एकच कळफलक

बंगळुरूच्या मारतहळ्ळीतल्या मराठी कुटुंबाला संगणकावर दोन लिप्या लागू शकतात: गावाकडच्यांसाठी देवनागरी, शेजाऱ्यांसाठी कन्नड. दोन्हींसाठी इनस्क्रिप्ट हाच कळफलक शिकावा, असे माझे ठाम मत आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या मानकात त्याला स्थान मिळाले. डाव्या हाताला स्वर, उजव्याला बहुतेक व्यंजने, आणि एका ध्वनीची कळ साधारणपणे सर्व भारतीय लिप्यांत तीच. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषा विभागात जाऊन मराठी आणि कन्नड जोडा. विंडोज कळ धरून स्पेसबार दाबला की कळफलक बदलतो. आता ‘मारतहळ्ळी’ लिहून पाहा: सी, ई, जे, एल, यू, शिफ्टसह एन, डी, पुन्हा शिफ्टसह एन, आर. कन्नडमध्ये शेवटची वेलांटी ऱ्हस्व, म्हणून आरऐवजी एफ. बाकी सगळ्या कळा त्याच!

रोमन अक्षरांत उच्चार टंकणे सोपे, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पहिल्या आठवड्यात ते सोपे वाटते हे खरे. पण रोमनमध्ये ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांचा फरक अनेकदा सॉफ्टवेअरच्या अंदाजावर राहतो. चुकला की पर्याय निवडत बसावे लागते. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येकाची कळ ठरलेली आहे. कन्नड लिपी आधी वाचता यायला हवी, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तिथेही ओळखीच्या कळा उपयोगी पडतात: ‘क’ची कळ दाबताच कन्नड ‘क’ डोळ्यांसमोर येतो आणि अक्षरओळख टंकतानाच होत जाते.